उसनं टेबल

इथे पाऊस पडत नाही.
डोन एलेउतेरिओला विचारलं तर बोटांवर मोजतो:
जन्मात चारदा. त्यातला एक त्याच्या लग्नात,
केक भिजला म्हणून बायको अजून बोलते.

इथे येतं ते धुकं.
दुपार कलली की समुद्रावरून कडा चढतं,
कामांचाका म्हणतात त्याला,
आणि आम्ही त्याची वाट अडवून जाळी ताणलीय,
मासे दूर गेल्यावर एलेउतेरिओने शिवलेली.
जाळीखाली पन्हळ, पन्हळीखाली पिंप,
पन्हळीच्या तोंडाशी एक सेन्सर, करंगळीएवढा.
मोजायचं एवढंच,
की रात्रभरात धुक्याचं पाणी किती झालं.

माझा लॅपटॉप अकरा वर्षांचा.
स्पेसबार दाबला की मीठ कुरकुरतं.
सात वर्षांच्या नोंदी त्याला पेलणार नाहीत,
आणि पेलायचं कामही नाही त्याला;
त्याने फक्त खिडकी व्हायचं.
पासवर्ड, मग फोनवर आलेले सहा आकडे,
मग ते गोल गोल फिरत बसणं, चहा निवेपर्यंत,
आणि मग सतराशे किलोमीटर दक्षिणेला
सान्तियागोत कुठेतरी मांडलेलं माझं टेबल
इथे पत्र्याच्या खोलीत उघडतं:
नकाशे, अर्धे आलेख, वाऱ्याच्या दिशा,
घडी घालून ठेवलेलं सगळं धुकं.
या टेबलाला पाय नाहीत.
खणांना वास नाही.
मागे एक हिरवीगार टेकडी. ती बदलता येत नाही.
बदलायला प्रशासकाची परवानगी लागते.

एलेउतेरिओ वाकून बघतो.
‘ही कुठली टेकडी?’
माहीत नाही.
‘आणि हे टेबल?’
ढगात, म्हणाले मी, आणि जीभ चावली,
कारण त्याने खरंच वर पाहिलं.
त्या वेळी आभाळ धुतल्या ताटासारखं कोरडं होतं.

मग जे आहे ते सांगितलं.
एक लांबलचक इमारत, आत कपाटं,
कपाटांत रात्रंदिवस लुकलुकणारे दिवे.
तापतात फार, म्हणून गार ठेवावी लागतात.
‘कशाने?’
मी उगाच केबल सरळ केली.
‘पाण्याने. बऱ्याचदा.’
तो काही बोलला नाही.
जाळीचं भोक सांधत राहिला,
फक्त त्या दिवशीच्या गाठी जरा आवळ बसल्या.

त्या रात्री प्रारूप चालू ठेवून झोपले.
पहाटे लॅपटॉप गेला. आवाज नाही, धूर नाही,
नुसता काळा.
एलेउतेरिओची नात यानारा, तिचा तडकलेला फोन मागितला,
पासवर्ड, सहा आकडे, गोल गोल,
आणि टेबल तसंच होतं.
मी जिथे वाक्य सोडलं होतं
तिथेच कर्सर उघडझाप करत उभा,
सांगितलेल्या जागी थांबून राहिलेल्या पोरासारखा.
गणितही संपलं होतं.
काल रात्रीचं पाणी: शून्य.

बाहेर पिंप भरून वाहत होतं.

सेन्सरच्या तोंडात एक कोळी शिरला होता,
चांगलं दाट जाळं विणून. त्यालाही पाणी हवं असणार.
एलेउतेरिओने कमरेची दोरी सोडून दाखवली:
बादलीमागे एक गाठ, अशा एकोणीस गाठी.
कुणी सांगितलं होतं मोजायला?
‘तुझं ते यंत्र लहान आहे,’ तो म्हणाला,
‘लहानाला एकटं ठेवू नये.’

मी अंगठ्याने शून्य पुसलं. एकशे नव्वद लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात टाकलं:
सेन्सर बंद, आकडा दोरीवरून, मोजणार डोन एलेउतेरिओ
पण रकान्याला अक्षरांची मर्यादा आहे,
तो ‘एले’पाशी थांबला.
दोनदा केलं, दोनदा तेच.
मग ‘सेन्सर बंद’ काढून टाकलं
आणि नाव पूर्ण बसवलं.

त्याने पिंपातलं पाणी मगात भरून दिलं.
गार, जरासं खारट, जाळीच्या धाग्याची चव.
दुसऱ्या हातात फोन तापत चालला होता.
यानारा दारात उभी, दप्तर पाठीला:
‘मावशी, चार्जिंग किती ठेवलंस?’